कार की ट्रेन? आधी मुक्काम कुठे ते सांगा

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते:

"आम्ही पाच जण मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात युरोपला चाललोय. मी, हे, ९ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासरे ७२ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. पॅरिसला उतरायचं, मधे स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन आणि इटलीतला टस्कनी प्रांत, आणि रोमहून परत, एकूण १४ रात्री. ह्यांचं म्हणणं पॅरिसलाच भाड्याची कार घ्यायची आणि थेट रोमला सोडायची, नेटवर रोजचं भाडं बघितलं तर पाच जणांच्या ट्रेनच्या तिकिटांपेक्षा स्वस्त दिसतंय आणि मनात येईल तिथे थांबता येतं. सासरे म्हणतात युरोपात जाऊन तिथल्या ट्रेनमध्ये बसलो नाही तर गेलो कशाला. नणंद म्हणते सरळ युरेल पास काढा, म्हणजे बऱ्याच देशांतल्या ट्रेनना चालणारा एकच पास. घरचं क्रेडिट कार्ड माझ्या नावावर आहे. मला दोन्हीची धाकधूक आहे, एवढं सामान घेऊन ट्रेन बदलायची पण आणि उलट्या बाजूने गाडी चालवणाऱ्या ह्यांच्या शेजारी बसायची पण. रोज जेवताना यावरून वाद होतोय, तुम्हीच काय ते सांगा."

ताई, रोज जेवताना वाद होतोय कारण तुम्ही सगळे अख्ख्या ट्रिपसाठी एकच उत्तर शोधताय, आणि तसं उत्तर नाहीये. मी कुणालाही आधी एकच विचारते, रात्री झोपायचं कुठे? मुक्काम मोठ्या शहरात असेल तर कार म्हणजे गळ्यात धोंडा, आणि मुक्काम शेतात, डोंगरावर, एखाद्या खेड्यात असेल तर कारशिवाय हाल. मग आता तुमच्या १४ रात्री मांडून बघा. पॅरिस ३, इंटरलाकेन ४, फ्लॉरेन्स २, टस्कनीच्या ग्रामीण भागात ३ आणि रोम २. यातल्या फक्त त्या मधल्या ३ रात्रींना कार हवी, बाकी ११ रात्री ती नुसती पार्किंगमध्ये उभी राहणार आणि तुम्ही तिचं भाडं भरणार.

पॅरिसपासून सुरुवात करू. तिथे कार घेऊ नका, अजिबात नका घेऊ. शहरात बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे, पार्किंग महाग आणि मिळता मिळत नाही, आणि आर्क द ट्रियॉम्फच्या भोवतीचा तो चौक, बारा रस्ते येऊन मिळतात तिथे आणि मधे पट्टे आखलेले नाहीत, पहिल्याच दिवशी उजव्या बाजूने गाडी चालवायला शिकायची ती जागा नव्हे. पण सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते जी बरेच जण तिथे गेल्यावर शिकतात. पॅरिसची मेट्रो खूप जुनी आहे, बहुतेक स्टेशनांना लिफ्ट नाही, आणि लाइन बदलायची तर जमिनीखाली जिने चढ-उतार करत बरंच चालावं लागतं. त्यांना घेऊन बसने फिरा, बसमध्ये चढायला सोपं आणि खिडकीतून शहरही दिसतं. एअरपोर्टवरून शहरात टॅक्सीला सरकारने ठरवून दिलेला दर आहे, मोठी टॅक्सी करा आणि अधिकृत रांगेतूनच घ्या, आत हॉलमध्ये येऊन 'टॅक्सी टॅक्सी' करणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

आता पॅरिस ते इंटरलाकेन. कारने साधारण ६०० किलोमीटर, म्हणजे थांबत थांबत गेलात तर अख्खा दिवस. ट्रेनने पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून टीजीव्ही लिरिया ही फास्ट ट्रेन, तीन तासांत स्वित्झर्लंडमधलं बाझल, तिथे एकदा बदलायचं आणि पुढे दोन तासांत इंटरलाकेन. एकच बदल आहे, आणि बाझलला स्टेशनवर लिफ्ट, सरकते जिने सगळं आहे, फक्त बुकिंग करताना मधे पाऊण तास तरी राहील अशी जोडणी निवडा, १० मिनिटांची स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. सासऱ्यांना ट्रेनची हौस आहे ना, तर वाटेतलं थून स्टेशन गेलं की त्यांना डावीकडच्या खिडकीशी बसवा, इंटरलाकेनपर्यंत तळं सोबत असतं, कधी रुळाच्या अगदी खाली तर कधी झाडांमागे. मी आईला घेऊन गेले होते तेव्हा तिने सोबत आणलेला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा तसाच मांडीवर उघडा ठेवला होता, पुढचं स्पीझ स्टेशन येईपर्यंत एक पुरी खाल्ली नव्हती. कार चालवणाऱ्याला हे काहीच बघता येत नाही, आणि तुमच्या ह्यांनाही कधीतरी खिडकीतून बाहेर बघू दे की.

स्वित्झर्लंडमध्ये कारचा मोह सगळ्यांनाच होतो, घाटातले रस्ते म्हणून. पण तुम्ही मे महिन्यात जाताय. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे जे फोटोत बघितलेले उंचावरचे घाट आहेत ते बर्फामुळे साधारण जूनपर्यंत बंदच असतात. आणि ज्या गावांसाठी लोक इंटरलाकेनला जातात त्यातल्या वेंगेन आणि म्युरेन या गावांत बाहेरच्या कार जातच नाहीत, कार खाली लाउटरब्रुनेनला ठेवायची आणि वर ट्रेन नाहीतर रोपवे. म्हणजे कार असूनही ट्रेनचं तिकीट काढावं लागतंच. त्यापेक्षा स्विस ट्रॅव्हल पास बघा, तो ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचा असतो, त्यात ट्रेन, बस, तळ्यातल्या बोटी सगळं येतं. तुमच्या मुलीला फॅमिली कार्डवर फुकट प्रवास आहे, ६ ते १५ वयाच्या मुलांना तो मिळतो, पण आई नाहीतर वडील सोबत पाहिजेत, नुसत्या आजी-आजोबांबरोबर ती चालली असेल तर ते कार्ड चालत नाही हे लक्षात ठेवा. युंगफ्राउयोख, म्हणजे बर्फातलं ते उंचावरचं रेल्वे स्टेशन, पासमध्ये पूर्ण येत नाही, सवलत मिळते, बाकीचं वेगळं भरायचं. ३४५४ मीटर उंची आहे, सासऱ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांचं तिकीट काढू नका.

तुमच्या ह्यांचं म्हणणं आहे की कार असली की मनात येईल तिथे थांबता येतं, ट्रेन म्हणजे वेळ पाळत बसा. हे स्वित्झर्लंडला लागू नाही हो. तिथे गाड्या अर्ध्या तासाला, फार तर तासाला असतात, साध्या गाड्यांना सीट रिझर्व्ह करावी लागत नाही, पास हातात असला की मनात आलं तिथे उतरा, चहा प्या, पुढची गाडी पकडा. वेळेची खरी अडचण टीजीव्हीला आणि इटलीतल्या फास्ट ट्रेनला येते, तिथे ठरलेल्या गाडीची ठरलेली सीट असते, चुकली की स्वस्तातलं तिकीट बहुतेक वाया.

इंटरलाकेनहून फ्लॉरेन्सला जायला स्पीझला बदलायचं, तिथून मिलान, मग मिलानला बदलून फ्रेचारोसा किंवा इतालो ही इटलीची फास्ट ट्रेन घ्यायची, ती दोन तासांच्या आत फ्लॉरेन्सला पोचवते. दोन बदल आहेत, दिवस लांब होतो, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. इटलीत संप होतात, त्याला शोपेरो म्हणतात, पण ते आधी जाहीर होतात, निघायच्या आठवडाभर आधी तारखा बघून घ्या. आणि तिथल्या लोकल गाड्यांचं कागदी तिकीट घेतलं तर प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, तिकीट खिशात असूनही शिक्का नाही म्हणून दंड झालेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत.

पैशांचं बोलू, कारण वाद तिथूनच सुरू झालाय. नेटवर जे रोजचं भाडं दिसतं ते सुरुवातीचं असतं. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात कार सोडली की वेगळी फी लागते आणि ती कधी कधी अख्ख्या भाड्याएवढी निघते, हा आकडा बऱ्याचदा शेवटच्या पानावर येतो. मग पूर्ण विमा, ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे, मुलीची सीट, दुसरा ड्रायव्हर, फ्रान्स आणि इटलीचे टोल, स्विस हायवेचा ४० फ्रँकचा स्टिकर, पेट्रोल, आणि प्रत्येक शहरात रात्रीचं पार्किंग. हे सगळं एका कागदावर मांडा आणि मग तुलना करा. ट्रेनच्या बाजूला तुम्ही बघितलेले आकडेही नीट तपासा, कारण टीजीव्ही आणि इटलीच्या फास्ट गाड्यांची तिकिटं विमानासारखी असतात, दोन-तीन महिने आधी काढली तर बरीच स्वस्त आणि आदल्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट. पाच माणसांना कार स्वस्त पडू शकते हे तुमच्या ह्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, एका देशात घेऊन तिथेच सोडली आणि मुक्काम गावाबाहेर असला तर पडतेही, पण या मार्गाला नाही.

नणंदेचा युरेल पास वाईट नाही, ज्यांना महिनाभर देश बदलत फिरायचंय आणि काहीच ठरवायचं नाहीये त्यांच्यासाठी छान आहे, १२ वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. पण तुमचे लांबचे प्रवास मोजून तीन-चार आहेत, आणि पास असूनही टीजीव्हीला आणि इटलीच्या फास्ट गाड्यांना सीटचे पैसे वेगळे भरावे लागतात. तुमच्यासाठी सुटी तिकिटं बरी.

आता त्या ३ रात्री. टस्कनीच्या दक्षिणेकडे व्हाल दोर्चा नावाचं खोरं आहे, तिथली आणि आसपासची पिएन्झा, मोन्तेपुल्चानो, सान क्विरिको ही गावं, इथे ट्रेन नीट पोचत नाही. जवळचं मोठं स्टेशन किउसी, तिथून पुढे बस आहेत पण कमी, रविवारी तर आणखी कमी. इथे कार घ्याच, आणि शेतावरच्या घरात राहा, अग्रितुरिस्मो म्हणतात, बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर मिळतं म्हणजे सासूबाई एक दिवस वरण-भात लावतील आणि सगळ्यांच्या पोटाला बरं वाटेल. बाहेर जेवलात तर पिची नावाचा जाड हाताने वळलेला पास्ता लसूण-टोमॅटोच्या सॉसमधला मागा, शाकाहारी असतो. मे अखेरीस तिथे साडेआठनंतर सूर्य मावळतो. पिएन्झा ते सान क्विरिको रस्ता दहा किलोमीटरचासुद्धा नाही, आम्हाला दीड तास लागला होता, दर वळणावर आई म्हणायची थांबव, आणि मी थांबवायचे, ती उतरून कुंपणाला हात ठेवून गव्हाकडे बघत उभी राहायची, एकदा म्हणाली आमच्या गावाला असाच गहू असायचा. ही मजा ट्रेनने मिळत नाही, आणि तुमच्या ह्यांना गाडी चालवायची जी हौस आहे तिला खरी जागा इथे आहे, तीन दिवस मनसोक्त चालवू दे त्यांना.

पण कार फ्लॉरेन्सच्या मध्यातून घेऊ नका. इटलीच्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल असतो, म्हणजे रहिवासी आणि परवानगी असलेल्यांनाच गाडी आत नेता येते, कमानीशी कॅमेरा असतो आणि नंबरप्लेटचा फोटो निघतो, तिथे ना बॅरियर ना पोलीस, त्यामुळे आपण काही चुकलो हे कळतसुद्धा नाही. माझ्या बाबतीत हे फ्लॉरेन्समध्येच झालं. हॉटेलसमोर फक्त बॅगा उतरवायच्या म्हणून आत गेले, पाच मिनिटांत बाहेर. आधी भाड्याच्या कार कंपनीने माझी माहिती पोलिसांना दिल्याची फी कार्डवरून कापली, आणि आठ महिन्यांनी ठाण्याच्या घरी इटलीहून दोन पाकिटं आली, दोन कॅमेऱ्यांचे दोन वेगळे दंड. हॉटेलला आधी नंबर कळवला असता तर त्यांनी तो नोंदवून दिला असता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतेय. पाटी ओळखून ठेवा, पांढऱ्या गोलाला लाल कडा आणि खाली झोना त्राफिको लिमितातो असं लिहिलेलं. दिव्यांच्या बोर्डावर 'वार्को आत्तीवो' दिसलं तर आत जायचं नाही, कॅमेरा चालू आहे असा त्याचा अर्थ, बऱ्याच जणांना वाटतं 'आत्तीवो' म्हणजे रस्ता चालू. नुसत्या गूगल मॅप्सच्या भरवशावर जाऊ नका.

म्हणून असं करा, फ्लॉरेन्सच्या स्टेशनजवळून टी२ ट्राम थेट एअरपोर्टला जाते, कार तिथून घ्या आणि तिथेच परत करा, शहराच्या मध्यात चाक घालायची वेळच येत नाही. शिवाय एअरपोर्टची ऑफिसं रोज उघडी असतात, गावातली दुपारी आणि रविवारी बंद मिळू शकतात. परत केली की ट्रामने स्टेशन आणि दीड तासात रोम.

कार कुठली घ्यायची ते सामानावरून ठरवा, माणसांवरून नको. पाच सीटची कार म्हणजे पाच माणसं बसतात एवढंच, पाच मोठ्या बॅगा मागे बसत नाहीत, दोन बसतात, फार तर तिसरी आडवी. एकतर सात सीटची घ्या नाहीतर सामान कमी करा, आणि मी म्हणेन कमी कराच कारण ट्रेनमध्येही ते तुम्हालाच उचलायचंय. पाच जणांत तीन मध्यम बॅगा आणि पाठीवरच्या सॅक, कपडे इंटरलाकेनला एकदा धुवायचे. मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, आधीच्या स्टेशनानंतरच बॅगा दाराशी आणा, बॅगेला हात लावणारे तुम्ही दोघंच, सासू-सासऱ्यांनी फक्त मुलीचा हात धरायचा, हे घरीच ठरवून ठेवा. तुमची सामान घेऊन बदलण्याची धाकधूक अर्धी इथेच कमी होईल.

उजव्या बाजूने चालवण्याची भीती मात्र मी कमी लेखणार नाही. हायवेवर काही होत नाही, समोर गाड्या असतात, आपण त्यांच्या मागे जातो. चूक होते ती सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून किंवा घराच्या फाटकातून बाहेर पडताना, हात आपोआप डावीकडे वळवतो. शेजारी तुम्ही असणार तर दर वेळी बाहेर पडताना मोठ्याने "उजवीकडे" म्हणा, ह्यांना राग आला तरी म्हणा, मी भावाला सगळे दिवस म्हणत होते. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाड्या डावीकडून येतात, त्यांना आधी जाऊ द्यायचं. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या आपल्या बहुतेक गाड्यांच्या उलट बाजूला असतात, पहिल्या दिवशी वळताना वायपर चालू होईल, घाबरू नका. गिअर उजव्या हाताने टाकायचे असतात म्हणून ऑटोमॅटिकच घ्या आणि लवकर बुक करा, तिथे त्या कमी असतात. आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला सवय असते तसं मधल्या लेनमध्ये ठिय्या द्यायचा नाही, ओव्हरटेक फक्त डावीकडून आणि झालं की लगेच उजवीकडे परत. टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपासच्या लेनमध्ये घुसू नका, ती आपल्या फास्टॅगसारखं यंत्र लावलेल्या गाड्यांसाठी असते. पंपावर 'गाझोलियो' असं लिहिलेलं पेट्रोल वाटतं, ते डिझेल आहे, पेट्रोल म्हणजे 'बेन्झिना', चुकीचं भरलं तर विम्यातही बहुतेक धरत नाहीत.

मुलीची उंची १५० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर इटलीत तिला बूस्टर सीट लागतेच, बुकिंगमध्ये मागून ठेवा. कार ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांचा, काचेचा व्हिडिओ काढा, आणि परत करतानाही काढा. बॅगा कारमध्ये दिसतील अशा ठेवून गावात फिरायला जाऊ नका.

कागदपत्रांचं आत्ताच बघा. ह्यांचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तुमच्या नाशिकच्या आरटीओतून निघेल, वर्षभर चालतं, अर्ज परिवहनच्या साइटवर होतो, आणि तिथे मूळ लायसन्स पण सोबत लागतं, एकटं परमिट चालत नाही. कार कंपनी डिपॉझिट क्रेडिट कार्डवर अडकवते, कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. तुम्ही लिहिलंय की घरचं क्रेडिट कार्ड तुमच्या नावावर आहे. मग एकतर ह्यांच्या नावाचं कार्ड काढून घ्या, त्याला वेळ लागतो, नाहीतर परमिट तुम्हीही काढा आणि कार तुमच्या नावावर घ्या.